स्लाइम रँचर घ्यावी का? तुम्ही सारखे विचारता ते सगळे प्रश्न एका जागी

दिवाळीत खानापूरला मामाकडं लॅपटॉप घेऊन गेले होते, तिथं भाच्यांनी ही गेम बघितली, त्यांनी शाळेत सांगितलं आणि तेव्हापासून बेळगाव, निपाणी, चिकोडी सगळीकडनं ओळखीतले लोक मला एकेक करून विचारालेत. प्रत्येकाला वेगळं टाइप करण्यापेक्षा सगळं इथं लिहिते. मला ही गेम मनापासून आवडते, पण जिथं कमी पडते तिथं तसं स्पष्ट सांगितलंय. नंबर दिलेत, म्हणजे तेच तेच परत लिहायला नको.

१. ही गेम आहे तरी काय? शेतीची का जनावरांची?

जनावरांची. गोठ्याचीच म्हणा ना. बीट्रिक्स लबो नावाची पोरगी पृथ्वीपासून हजार प्रकाशवर्षं लांब फार फार रेंज म्हणून जागा आहे तिथं जाते आणि एक जुनं रँच चालवायला घेते. तिथं स्लाइम असतात, जेलीच्या गोळ्यासारखे, डोळे आणि हसरं तोंड असलेले, दिवसभर टुणटुण उड्या मारणारे. त्यांना खायला घातलं की ते प्लॉर्ट टाकतात, म्हणजे चमकणारा एक खडा, तो बाजाराच्या मशीनमध्ये विकला की न्यूबक्स मिळतात आणि त्यातनं मग कोरल म्हणजे स्लाइम ठेवायचं कुंपण, बाग, कोंबड्यांचं खुराडं असं एकेक वाढवायचं. हातात बंदूक दिसते ती बंदूक नाही, व्हॅकपॅक आहे, ते व्हॅक्यूमसारखं ओढून घेतं आणि पाहिजे तिथं परत बाहेर फेकतं, अख्खी गेम त्या एका यंत्रावर चालते.

अमेरिकेतल्या सॅन मटेओच्या मोनोमी पार्क या छोट्या स्टुडिओनं बनवली आहे. जानेवारी २०१६ मध्ये अर्ली अॅक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण व्हायच्या आधीच विकायला, आली आणि १ ऑगस्ट २०१७ ला पूर्ण झाली.

२. पहिला भाग घेऊ का डायरेक्ट दुसरा?

पहिला. दुसरा भाग २२ सप्टेंबर २०२२ ला अर्ली अॅक्सेसमध्ये आला आणि २३ सप्टेंबर २०२५ ला पूर्ण झाला, म्हणजे तीन वर्षं तो अर्धवट अवस्थेत लोक खेळत होते आणि त्या काळातली मतं अजून सगळीकडं फिरतात, "रिकामी वाटते" म्हणून, ती आता जशीच्या तशी धरू नका. दिसायला दुसरा खूपच सुंदर आहे, रेनबो आयलंडवरचं समुद्राचं पाणी, काचेची कंझर्व्हेटरी, उंच उड्या मारणारे कॉटन स्लाइम, दिवसा दगड होऊन बसणारे रिंगटेल. पण त्यात अपग्रेडसाठी नुसते पैसे पुरत नाहीत, प्लॉर्ट आणि बाकीचा माल हिंडून गोळा करावा लागतो, त्यामुळं रँचवर कमी आणि बाहेर जास्त वेळ जातो. मला रँचवर राहायला आवडतं म्हणून माझं मन पहिल्यातच आहे. शिवाय सेलमध्ये पहिला बराच स्वस्त मिळतो, आधी तो खेळा, आवडला तर दुसरा कुठं पळून जात नाही.

३. माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालेल का? आणि मोबाइलवर?

पहिला भाग हलका आहे. ४ जीबी रॅमच्या साध्या मशीनवरसुद्धा ग्राफिक्स खाली आणून चालतो, फक्त एकाच कोरलमध्ये खूप स्लाइम कोंबले की अडकायला लागतो. दुसऱ्याला बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड पाहिजे. कॉम्प्युटर सोडून पहिला भाग एक्सबॉक्स, प्लेस्टेशन ४ आणि स्विचवर पण आहे.

मोबाइलवर अधिकृत आलेली नाही. यूट्यूबखाली "स्लाइम रँचर एपीके" म्हणून लिंका असतात त्या कुणीही डाउनलोड करू नका, पोरांच्या हातात आईवडलांचा फोन असतो आणि त्यातच फोनपे असतं.

खेड्यावरनं विचारणाऱ्यांसाठी: नेट फक्त उतरवून घ्यायला लागतं, नंतर स्टीम (जिथनं गेम विकत घेतो ते अॅप) ऑफलाइन ठेवून खेळता येतं. मध्येच लाइट गेली तर शेवटच्या ऑटोसेव्हपर्यंतचंच राहतं, म्हणून उठताना नेहमी सेव्ह करूनच बाहेर पडा.

४. मराठी नाहीतर कन्नड भाषा आहे का? पोराचं इंग्रजी कच्चं आहे, जमेल का?

मराठी नाही, कन्नड नाही, हिंदीसुद्धा नाही. पण खेळायला इंग्रजी फार लागत नाही. कुठला स्लाइम काय खातो ते चित्रासकट स्लाइमपीडियात असतं आणि दुकानातल्या वस्तू बघून कळतात. आमचा धाकटा भाचा चौथीत आहे, मराठी शाळेत, त्यानं दोन दिवसांत सगळ्या स्लाइमची नावं पाठ केली आणि तिसऱ्या दिवशी मलाच सांगायला लागला, "आत्या, हार्ट बीट रॉकला घाल की, टॅबीला नको." हार्ट बीट म्हणजे गेममधली बीटची भाजी.

फक्त पत्रं आणि चिठ्ठ्या वाचायला मोठं माणूस शेजारी पाहिजे. आधीचा मालक हॉबसन, त्यानं जागोजागी चिठ्ठ्या लिहून ठेवल्यात, आणि केसीची पत्रं येतात पृथ्वीवरनं, लांब राहिलेल्या माणसाची. ती वाचली नाहीत तर गेमचा निम्मा जीव जातो. मी त्या भाच्याला मराठीत सांगत बसायचे आणि एका पत्रानंतर तो बराच वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला, पप्पा पुण्याला आहेत तसंच का हे. म्हटलं, होय रे, तसंच.

५. सुरुवातीला काय करायचं? मी नुसताच फिरालोय.

पहिल्या दिवशी पिंक धरा, ते कुठंही सापडतात आणि काहीही खातात, पण त्यांचा प्लॉर्ट सगळ्यात स्वस्त. म्हणून लगेच ड्राय रीफमधनं रॉक आणि टॅबी आणा. एक बाग लावा, बागेत एकच गाजर किंवा एकच फळ फेकलं तरी तेच परत परत उगवत राहतं. एक खुराडं बांधा, त्यात तीन-चार कोंबड्या आणि एक कोंबडा, पिल्लं आपोआप होतात.

पैसे आले की पहिला खर्च नवीन कोरलवर करू नका, आहे त्याच कोरलला उंच भिंती घाला, मग ऑटो फीडर (आपोआप खायला घालणारं), मग प्लॉर्ट कलेक्टर (प्लॉर्ट गोळा करणारं). आणि व्हॅकपॅकला पाण्याची टाकी लवकर घ्या, का ते प्र. ८ मध्ये सांगितलंय. खिसे चारच असतात आणि सुरुवातीला एकेकात वीसच वस्तू बसतात, त्यामुळं बाहेर जाताना रिकाम्या हातानं जा.

६. प्रत्येक स्लाइमला आवडीचं खाणं असतं म्हणे, त्यानं काय फरक पडतो?

आवडीचं मिळालं की एकाच्या जागी दोन प्लॉर्ट टाकतो. एवढ्या एका गोष्टीवर रँचचा नफा ठरतो. रॉकला हार्ट बीट, टॅबीला स्टोनी हेन, फॉस्फरला क्यूबेरी, हनीला मिंट मँगो, रॅडला ओका ओका, क्रिस्टलला ऑड अनियन, बूमला ब्रायर हेन. पिंकला आवडनिवड नाही, जे घालाल ते खातो.

ज्यांच्या घरी जनावरं आहेत त्यांना हे वेगळं शिकवायला लागत नाही. आमच्या मामींच्या गोठ्यात दोन म्हशी आहेत, एकीला ओली वैरण घातल्याशिवाय ती पान्हा सोडत नाही आणि दुसरी पेंडीची पाटी दिसेपर्यंत खुट्ट्याभोवती फिरत राहते. मामींना मी स्क्रीनवर दाखवलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "मग बरोबरच आहे की गं." या गेमचं सगळ्यात मोठं बळ मला हेच वाटतं. स्लाइम नुसते गोड दिसत नाहीत, प्रत्येकाचा स्वभाव आहे, रॉकचे काटे लागतात, बूम फुटतो, टॅबी दुसऱ्याचं खाणं चोरून नेतो, आणि उपाशी ठेवले की सगळेच भिंतीवरनं उड्या मारायला बघतात. त्या स्वभावाप्रमाणं आपल्याला वागायला लागतं.

७. आमच्या घरी शाकाहारी आहेत. कोंबड्या खायला घालाव्या लागतात हे खरं का?

खरं आहे. हा प्रश्न निपाणी आणि अथणीकडच्या दोन-तीन जैन घरांतनं आला म्हणून नीट सांगते. टॅबी, बूम, हंटर, टँगल हे मांस खाणारे, त्यांना कोंबडी फेकली की ते गिळतात. रक्त-बिक्त काही दिसत नाही, टपकन तोंडात जाते, पण पोराला ते कळतं.

टाळता येतं. रॉक, रॅड, क्रिस्टल, मोझॅक भाजी खातात, फॉस्फर, हनी, क्वांटम, डर्विश फळं खातात, पडलला तर खाणंच लागत नाही. एवढ्यांवर रँच एकदम मस्त चालतं आणि खुराडं बांधायची गरजच पडत नाही. अडचण गोर्डोंपाशी येते, म्हणजे एका जागी बसलेले ते अवाढव्य स्लाइम, त्यांना पोट भरून फुटेपर्यंत घालावं लागतं आणि त्यातले काही मांसच खातात. ते सोडून द्यायचे असतील तर काही बक्षिसं हुकणार हे आधीच धरून चला.

८. माझं अख्खं रँच काळ्या राक्षसांनी खाल्लं. काय झालं नक्की?

ते टार. आणि ते बाहेरनं येऊन पडले असतील असं नाही, बहुतेक आपल्याच घरात तयार झाले.

एका स्लाइमनं दुसऱ्या जातीचा प्लॉर्ट खाल्ला की तो लार्गो होतो, दोन्हींचा मिळून एक मोठा. त्या लार्गोनं तिसऱ्या जातीचा प्लॉर्ट खाल्ला की टार. टार बाकीच्या स्लाइमना खातो आणि खाल्ल्यावर वाढतो, एकाचे चार व्हायला वेळ लागत नाही. पाणी मारलं की मरतात, म्हणून टाकी लवकर घ्या म्हटलं.

माझ्याकडं कसं झालं ते सांगते. पिंक-रॉक लार्गोंचं कोरल होतं आणि शेजारच्यात पिंक-टॅबी होते, दोन्हीला वरनं जाळी नव्हती. मी मॉस ब्लँकेटला गेले आणि दोन दिवस परत आले नाही, फीडर रिकामे झाले, भुकेजलेला एक टॅबीवाला उडी मारून पलीकडं गेला, तिथं रॉकचा प्लॉर्ट पडलेला. परत आले तर बारा लार्गोंपैकी एक शिल्लक, भिंतीला चिकटून थरथरत बसलेला. मला त्या रात्री खरंच वाईट वाटलं. तेव्हापासून वेगळ्या जातीचे लार्गो मी शेजारी ठेवत नाही, मध्ये एक बाग नाहीतर सायलो (माल साठवायचं कोठार) घालते, आणि प्लॉर्ट कलेक्टर असल्याशिवाय लार्गो करतच नाही.

लहान पोर घाबरत असेल तर सुरू करतानाच कॅज्युअल मोड घ्या, त्यात टार येत नाहीत.

९. मग लार्गो करावेत तरी का?

कारण एकाच घासात दोन जातींचे प्लॉर्ट मिळतात. तेच एक हार्ट बीट रॉक-पिंकला घातलं तर दोन रॉक आणि दोन पिंक. दोघांतल्या कुणाचंही आवडीचं चालतं. पिंकबरोबर केलेला लार्गो सगळं खातो, म्हणून नवख्यानं तिथनंच सुरू करावं.

तोटा असा की लार्गो खिशात बसत नाही, व्हॅकपॅकच्या तोंडाला धरून चालत आणायला लागतो, आणि दोन्हींचे दुर्गुण त्याच्यात येतात. रॅड-बूम करून बघा, जवळ जाता येत नाही.

१०. प्लॉर्टचे दर एकदम कसे पडले? बग आहे का?

बग नाही. एकाच जातीचे खूप विकले की त्याचा दर उतरतो, काही दिवस थांबलात की परत चढतो. आपल्याकडं कोबी एकदम मार्केटला आला की काय होतं ते माहीतच आहे, सकाळी गोव्याला जाणाऱ्या गाड्या भरल्या की उरलेल्या मालाला कोण विचारत नाही. इथं पण तसंच, फक्त इथं प्लॉर्ट नासत नाही, त्यामुळं सायलोत साठवून चढ्या दराला काढता येतो. तीन-चार जाती ठेवा आणि आलटून पालटून विका.

गेममधला हा भाग मला आवडतो, पण खरं सांगायचं तर तो फार खोल नाही. एकदा कळलं की कळलं, नंतर पैशाची चणचण कधी भासतच नाही.

११. फॉस्फर रात्री आणले, सकाळी कोरल रिकामं. पळून गेले का?

ऊन लागलं. फॉस्फरला ऊन सोसत नाही, विरून जातात. कोरलला सोलर शील्ड लावा नाहीतर ग्रोटोत ठेवा, ती गुहा आहे. फॉस्फरचे लार्गो केलेत तरी हीच काळजी.

१२. सुरुवातीला वेड लागलं होतं, आता पंधरा-वीस तासांनी कंटाळा यायलाय. माझंच असं होतंय का?

नाही, खूप जणांचं होतं आणि ही गेमची खरी कमजोरी आहे, म्हणून इथं जरा जास्त लिहिते.

सुरुवातीला दहा स्लाइम असतात, तुम्ही प्रत्येकाला हातानं घालता, रॉकच्या कोरलपाशी उभं राहून ते कसे लोळतात बघता. मग पैसे येतात, रँचचे नवे भाग उघडता, ओव्हरग्रोथ, ग्रोटो, लॅब, डॉक्स, सगळीकडं कोरल बांधता, आणि एक दिवस असा येतो की सकाळी उठून नुसती फेरी मारायची, इथनं गाजरं उचल तिथं टाक, तिथनं प्लॉर्ट उचल बाजारात टाक. स्लाइमकडं बघायला वेळच नाही. गोठा सांभाळायचं सोडून आपण हमाली करायला लागतो. गेमनं यावर ड्रोन दिलेत, ते माल उचलून नेतात, पण ते बनवायला एक्स्ट्रॅक्टर लावून माल काढायचा, तो कधी निघेल त्यावर बसायचं, शिवाय ड्रोन आपल्या हद्दीपलीकडं जात नाहीत आणि त्यांची बॅटरी उतरली की पाणी मारून भरायला लागते. आणि ड्रोननं सगळं केलं तर मग आपण करायचं काय हा प्रश्न राहतोच.

बाहेर फिरण्यात पण तेच. पहिल्यांदा इंडिगो क्वारी, पहिल्यांदा एन्शंट रुइन्स, पहिल्यांदा ग्लास डेझर्ट, अंगावर काटा येतो, हॅरी मॅकचं संगीत पण प्रत्येक जागेला वेगळं आहे. दुसऱ्यांदा गेलं की तिथं नवीन काही घडत नाही.

माझा उपाय असा की रँच लहान ठेवायचं. चार-पाच कोरल, बास. नवीन जात आणायची तर जुनी एक सोडून द्यायची. पैसा कमी येतो, पण तसंही तो कमी पडत नाहीच, वर म्हटलं तसं. मी दुसऱ्यांदा सुरुवातीपासून अशी खेळले आणि तेव्हा ती जास्त दिवस टिकली.

१३. स्टारड्यू व्हॅलीसारखी आहे का? गावातली माणसं, सण, लग्न वगैरे?

नाही. समोरासमोर भेटणारं माणूस इथं जवळपास नाहीच, मोची, ओग्डेन, व्हिक्टर ही गेममधली पात्रं पडद्यावरनं बोलतात. ऋतू नाहीत, सण नाहीत. ज्याला गाव पाहिजे त्यानं ही घेऊ नये, उगीच एकटं वाटेल. ज्याला शांत एकटं राहून जनावरं सांभाळायची आहेत त्यानं घ्यावी.

१४. दोघा भावांना एकत्र खेळता येईल का?

नाही, दोन्ही भागांत एकाच माणसानं खेळायचंय. आमच्याकडं भाचे एक-एक दिवस वाटून घेतात, गेममधला एक दिवस म्हणजे साधारण चोवीस मिनिटं, दिवस संपला की कंट्रोलर दुसऱ्याकडं. आयांनो, वेळ मोजायला पण हे सोपं पडतं, "दोन दिवस खेळ आणि उठ" म्हटलं की भांडण होत नाही.

१५. मारामारी किती आहे? हरलो तर काय होतं?

फार नाही. टार आणि काही चिडलेले लार्गो अंगावर येतात. जीव संपला की बीट्रिक्स बेशुद्ध होते आणि रँचवर परत जागी होते, पण खिशातला सगळा माल जातो. म्हणून लांब जाऊन चांगलं काही मिळालं तर लगेच परत या.

१६. खेळताना डोकं गरगरतं.

नजर पात्राच्या डोळ्यांतनं असते आणि जेटपॅक आल्यावर अजून वाढतं. सेटिंगमध्ये फील्ड ऑफ व्ह्यू वाढवा, खोलीत दिवा चालू ठेवा. तरी थांबलं नाही तर ही गेम तुमच्यासाठी नाही, पैसे घालवू नका.

१७. काही स्लाइम धरताच येत नाहीत, काहींचा लार्गो होत नाही. असं का?

अपवाद आहेत. गोल्ड आणि लकी धरता येत नाहीत, दिसले की पळतात, गोल्डच्या अंगावर खाणं फेकून मारलं की गोल्ड प्लॉर्ट पडतो आणि तो गेला. पडल आणि फायरचे लार्गो होत नाहीत. पडलला तळंच पाहिजे, कोरलमध्ये राहत नाही, आणि त्याला गर्दी आवडत नाही, तीन-चारच ठेवा. फायरला इन्सिनरेटर बांधून राख करून द्यायला लागते. ही दोन्ही कमी कटकटीची आहेत, प्र. १२ मधला कंटाळा आलेल्यांनी इकडं वळा.

१८. गेम संपते का? शेवट कसा आहे?

संपते. ग्लास डेझर्टच्या टोकाला हॉबसनची शेवटची चिठ्ठी आहे, त्यानंतर नावं येतात. भव्य काही नाही, लढाई नाही, ज्यांना तसं पाहिजे ते नाराज होतात. मला आवडला, पण चिठ्ठ्या वाचत आलेल्यालाच तो लागतो (प्र. ४). नंतर रँच तसंच चालू ठेवता येतं.

१९. अक्का, तुझ्या रँचवर आत्ता काय काय आहे?

हे जवळजवळ सगळेच विचारतात. चार कोरल. एक रॉक-पिंकचं, सहाच लार्गो. एक हनीचं, नुसते, लार्गो न केलेले, कारण त्यांचा रंग मला तसाच आवडतो. एक टॅबीचं, त्याला भिंत आणि वरनं जाळी दोन्ही. ग्रोटोत पाच फॉस्फर. एक हार्ट बीटची बाग, एक मिंट मँगोची, एक खुराडं. घराच्या बाजूला तळं आहे, त्यात तीन पडल. रात्री सगळ्यांना घालून झालं की मी तळ्याच्या काठावर जरा वेळ उभी राहते, ते तिघं पाण्यात हळूहळू वरखाली होत असतात, आणि मग सेव्ह करून बंद करते.